मी मधोमध

३ मार्च
मी कुठं राहायचं हे मला न विचारता ठरवणार! रविवारी थोरला आणि धाकटी इथं मधल्याच्या घरी येऊन बसणार म्हणे. मला थोरल्याकडे जायचंय, त्याला गच्ची आहे. सगळं घर माझ्यामुळं एकत्र बांधलेलं आहे, हे चित्र काढूनच दाखवते. मधल्याची बायको कॉम्प्युटरवर कोण कुणाशी जोडलेलं ते दाखवणारी गोल आणि रेघांची जाळी काढते, त्याचाच पगार घेते. तिच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. म्हणाली, आई, त्यावर अशी जाळी काढायची सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत, तुम्हीच निवडा. निवडणारच. सून तेवढी निवडताना चुकले.

४ मार्च
ग्राफविझ. कोण कुणाला फोन करतं ते नुसतं लिहायचं, माणसाला गोल, फोनला बाण, चित्र आपोआप निघतं. मी सगळ्यांच्या वर! शहाणं सॉफ्टवेअर. हेच घ्यायचं.

संध्याकाळी
सुनेनं अक्कल पाजळली. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही, त्याला ते वर टाकतं. म्हणजे मी सगळ्यांना फोन करते, मला कुणीच नाही. सॉफ्टवेअर रद्द.

५ मार्च
गेफी. यात ज्यांचे फोन जास्त ते गोल एकमेकांना ओढून जागा धरतात. सगळे सुनेभोवती, गुळाला मुंगळे लागावेत तसे. मी पार काठाला, दाराबाहेर काढलेल्या चपलेसारखी. सून म्हणाली, तुम्ही लिहिलंत तेच ते दाखवतं. लॅपटॉपच जुना.

६ मार्च
वायएड. यात माउसनं ओढून हवं तिथं बसता येतं. बाणांची टोकंही पुसून टाकता येतात. मी मधोमध, दुप्पट मोठी, लाल. सून कोपऱ्यात. निवड झाली. सांगायला धाकटीला फोन केला, मीटिंगमध्ये होती. पोरीला कामं फार. थोरल्यानं उचलला नाही. रेंज नसेल.

८ मार्च, रविवार
चित्र छापून भिंतीला लावलं. चहाचे कप मांडले. कुणी आलं नाही. दुपारी थोरल्याचा फोन आला, सुनेला. धाकटीशी बोलून ठरवलंय म्हणे: गच्चीवर ऊन फार, आईला तुमच्याकडेच राहू दे. सुनेनं विचारलं, आईंना देऊ का? तो म्हणाला, नको, पुन्हा केव्हातरी. तिनं हे मला सांगितलं नाही. स्पीकर चालू होता.

कप तिनं उचलले. चित्र मी.

आता माझ्याकडून एकही रेघ निघणार नाही. फोन वाजला की सुनेनंच उचलायचा. मला मागितलं तर आई कामात आहेत म्हणायचं. मागणार नाहीत. तरी उचलायचा तिनंच.