अंजनीचं कुंपण

११ मे १९२६, खासबाग

काल दुपारी बिऱ्हाड लागलं. निपाणीहून सर्व्हिस मोटरनं बेळगाव, तिथून टांग्यानं इथवर. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ मारुती, पोचवायला आला होता. घर पाहून खूश झाला आणि चहा घेऊन परतला.

लग्नाला वर्ष झालं तरी आजवर सासरच्या मोठ्या खटल्यातच होते. ही माझी पहिली स्वतःची चूल. हे लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून आहेत. महिन्यातले बरेच दिवस खानापूर-कणकुंबीच्या जंगलात जातात. घरात मग मी एकटी. त्याचं काही वाटत नाही. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं आड आणि केवढं तरी परसू. निपाणीत आमच्याकडं गादीपासून भातापर्यंत सगळ्याला तंबाखूचा वास. इथं तो नाही, तर नाकाला चुकल्यासारखं होतं.

एकच अडचण. परसाला आडोसा नाही. मागं विणकरांची गल्ली आहे, दिवसभर मागांची खटखट चालते. न्हाणीला तट्ट्या लावल्यात, पण त्या खांद्याएवढ्याच. डोक्यावरून पाणी घेतलं की गल्लीतल्या बायका दिसतात, त्यांना मी दिसते. त्यातलीच एक, बायाक्का, तट्टीशी येऊन गाव कुठलं, माहेर कुठलं विचारून गेली. मनानं चांगली आहे. पण मी ओलेती उभी.

ह्यांना म्हटलं, मला काही नको, फक्त कुंपण करून द्या.

२ जून

कुंपणावरून रोज बोलणं होतं. बायाक्का म्हणते शेराच्या फांद्या खोचा, महिन्यात भिंत होईल. हे म्हणतात शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. मेंदीला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात ती खराट्यासारखी होते. ह्यांच्या मनात जंगलातली झाडं आहेत, बारा महिने हिरवी राहणारी. मला मनापासून हसू आलं. एका बाईच्या न्हाणीसाठी सगळं कणकुंबीचं रान येणार.

१९ जून

झाडं आली. बैलगाडी भरून अंजनीची रोपं, मुळांना ओलं गोणपाट बांधलेलं. पानं जाड आणि गर्द, हात लावला की गार लागतात.

गाडीवान भावकू म्हणून कणकुंबीचाच. रोपं त्यानं रस्त्यावर उतरवली, आत काही पाऊल टाकलं नाही. जेवायला वाढते म्हटलं तर नको म्हणून मान हलवली. मग ह्यांची पाठ वळल्यावर म्हणाला, "वैनी, ही राईतली झाडं हाईत. देवाची. आमी तितलं वाळलं पान सुदिक भाईर काढत न्हाय. सायबाचा हुकूम, म्हणून आणलो."

ह्यांना विचारलं. म्हणाले, हो, राईच्या कडेचीच आहेत, इतकी सरळ रोपं दुसरीकडं मिळत नाहीत. देव तिकडं राहिला. हे खासबाग आहे.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून मागची बाजू लावली. हाताला माती लागली होती, हे माझ्याकडं बघून हसत होते. फार सुखाचा दिवस गेला.

८ ऑगस्ट

पावसानं झाडं अशी उठली आहेत की बघणारे थबकतात. मागची बाजू आताच माझ्या डोक्यावर गेली. ह्यांनाही नवल वाटतं, जंगलात अंजनी इतकी सावकाश वाढते म्हणे. बाकीची रोपं दोन्ही अंगांना आणि पुढं लावली. आता चारी बाजूंनी कुंपण, मध्ये फक्त फाटकाएवढी वाट.

न्हाताना आता आकाश तेवढं दिसतं. केस मोकळे सोडून परसात बसते. गल्लीतल्या मागांचा आवाज येईनासा झाला आहे. पानांनी आवाज अडतो, हे म्हणतात. असेल. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की खटखट एकदम कानावर आदळते, आणि आत आलं की नाही. पाखरंही बसत नाहीत.

२६ सप्टेंबर

एक गोष्ट लिहायची तर हात अडखळतो. न्हाणं चुकलं आहे, आता दहा-बारा दिवस होतील. ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आडाचं पाणी स्वतः शेंदून आणलं, आणि तेव्हापासून रोज आणतात.

परसात दोडका लावला होता, तो भरभरून आला. बायाक्काला चार दिले. घरी जाईस्तोवर ते आतून काळे पडले, हात लावला तर पाणी सुटलं. पुन्हा दिले, पुन्हा तेच. आम्ही त्याच वेलाचे खातो ते गोड लागतात. बायाक्कानं नंतर नको म्हटलं. वाईट नाही वाटलं तिला. फक्त कुंपणाकडं बघत राहिली.

१४ नोव्हेंबर

दिवाळीआधी ह्यांनी गाय आणली होती, गाभण. काल सकाळी व्याली. तांबडी कालवड, कपाळावर पांढरा ठिपका. नाव चांदी ठेवलं. मी दिवसभर तिच्यापाशी बसून होते. ती माझी बोटं चोखते. पहिल्यांदाच वाटलं की मला जमेल, मूल सांभाळणं.

१२ डिसेंबर

चांदीला आज पहिल्यांदा गायीबरोबर बाहेर काढायचं होतं. गाय रोज चरायला जाते, ती गेली. चांदी फाटकात आली आणि तिचे चारी पाय मिटले. ओरडली नाही. मान जमिनीला लागली, डोळे उघडे. मी मागं ओढली. आत आली तशी उठली आणि माझी बोटं चोखायला लागली, जसं काही झालंच नाही.

हे म्हणतात वासरू बुजलं.

१३ डिसेंबर

ह्यांनी तिला उचलून नेली. बुजतं ते चालताना, उचलल्यावर काय, असं म्हणाले. मी पडवीत उभी होते. दोन्ही हातांत नीट छातीशी धरली होती. ती त्यांचा कान चाटत होती. फाटक ओलांडलं आणि जीभ तशीच राहिली.

बायाक्का रस्त्यात होती, तिनं पाहिलं. ह्यांनी चांदीला परत आत आणली, पाठ चोळली, तोंडात फुंकलं. काही नाही. किती वेळ मांडीवर घेऊन बसले होते. गाय फाटकाशी हंबरते आहे.

९ जानेवारी १९२७

चांदी गेल्यापासून डोक्यात एकच घोळतं आहे. आज ह्यांच्या पाठीमागं करून पाहिलं.

परसातल्या शेवंतीचं फूल फाटकाबाहेर नेलं. बोटांतच काळं झालं. निपाणीहून आणलेला तांब्या नेला, बाजारातली भाजी नेली, काही नाही. मी जाते येते. हे जातात येतात. गाय जाते.

बाहेरून जे आलं ते जाऊ शकतं. इथं जे झालं ते नाही.

हे लिहिलं आणि मग पोटावर हात गेला.

२७ जानेवारी

हलायला लागलं आहे, म्हणजे आता त्यात जीव आला. पाण्यातल्या माशासारखं, डाव्या कुशीत.

त्या फुलाच्या दिवसापासून मी फाटकाकडं गेले नव्हते. आज गेले. उंबऱ्यापाशी आले तोवर हलत होतं. एक पाऊल बाहेर टाकलं आणि थांबलं. नुसतं शांत झालं नाही. जड झालं, पोटात दगड ठेवल्यासारखं. मागं फिरले. आडापाशी येईपर्यंत काही नाही. मग एकदम लाथ.

पुन्हा जाऊन बघण्याचं धाडस नाही.

६ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. रागावले नाहीत. अशा दिवसांत बायकांना भास होतात म्हणाले. कॅम्पातले डॉक्टर घरी आणले, ते म्हणाले सगळं ठीक आहे. हसून गेले.

पण चांदीचं नाव काढलं तेव्हा ह्यांचा हात आपल्या कानाकडं गेला. मग स्वतःच म्हणाले, तुला इतकं वाटतं तर झाडं काढून टाकू. मला रडू आलं. त्यांना वाटलं भीतीचं. ते सुटकेचं होतं.

९ फेब्रुवारी

वखारीतला भरमू कुऱ्हाड घेऊन आला. मागच्या बाजूच्या पहिल्या झाडावर घाव पडला तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत होते. पोटात— कुणी आत वार केल्यासारखं. दुसरा घाव. लुगडं ओलं झालं. मी ओरडले, तेव्हा कुऱ्हाड थांबली.

भरमूनं जाऊन सांगितलं, तशी बायाक्का धावत आली. पाय उंच ठेवून निजवलं. संध्याकाळी रक्त थांबलं. रात्रभर तिनं हात सोडला नाही.

हलतं आहे. देवा, हलतं आहे.

१५ फेब्रुवारी

निजून असते. खिडकीतून तेवढी झाडं दिसतात. गल्लीतल्या पिंपळाची पानगळ सुरू झाली, बायाक्का सांगत होती. आमच्यात एक पान पडत नाही. कुऱ्हाडीचे घाव भरून आले, खूणही नाही.

हे जेवत नाहीत. कणकुंबीला गेले होते, भावकूला भेटायला. तो भेटला नाही. झाडं परत नेऊन लावीन असं गावकऱ्यांना म्हणाले. तिथला एक म्हातारा म्हणाला म्हणे, आता कशाला, आता तुमचीच राई झाली.



२१ फेब्रुवारी

मी ठरवलं आहे. बाळंतपण इथंच. बायाक्का सुईणपण करते, तिला विचारलं, ती हो म्हणाली. मूल इथं होईल, इथं वाढेल. मी त्याच्याबरोबर राहीन. परसू मोठं आहे. आड आहे, ऊन येतं दुपारचं. त्याला काय कमी पडेल?

ह्यांना हे सांगितलं तर उठून बाहेर गेले.

२३ फेब्रुवारी

अण्णाला तार केली ह्यांनी. मला विचारलं नाही. म्हणतात हे घरच वाईट. इथं राहिलीस तर दोघंही जाल. निपाणीत आई आहे, डॉक्टर आहे.

पाया पडले. त्यांनी मला उठवलं आणि स्वतः रडले. पण जाऊ नको असं म्हणाले नाहीत, आणि मला नाही जात असंही म्हणू देत नाहीत.

२६ फेब्रुवारी

अण्णा आला. टांगा उद्या सकाळी.

त्याला सगळं सांगितलं. डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायचा तसा. मग पडवीत दोघांचं हळू बोलणं. मी वेडी झाले असं अण्णा म्हणाला नाही. "अप्पासाहेब, उशीर नको," एवढंच ह्यांना म्हणाला.

बायाक्का फाटकात उभी. आत येऊन त्याच्यापुढं हात जोडले. "अण्णा, पोरीला न्हेऊ नगा. वासरू बी असंच उचलून न्हेलतं वो."

तिला अण्णानं बाहेर काढलं. हळूच, पण काढलं.

२७ फेब्रुवारी, सकाळ

टांगा आला आहे. माझी ट्रंक चढवली.

मी मागच्या झाडांत आहे. दोन खोडांमध्ये अंग शिरलं. पानं गार. इथं ते शांत नाही, खूप हलतं, हात-पाय सगळं. ओळखल्यासारखं.

हाका मारतात. अण्णा आडात वाकून बघतो आहे. मी आडात नाही, सांगायला हवं, पण—

बायाक्का कुठं आहे? गल्लीत असेल. ओरडले तर तिला ऐकू जाणार नाही. इथून काही बाहेर—

सापडले. ह्यांनी पाहिलं. रागावले नाहीत. चल, म्हणतात, मी आहे ना. अण्णानं पाय धरले आहेत, हे खांद्याला. हळू, म्हणतात एकमेकांना. एक ओळ लिहू द्या म्हटलं, तर थांबलेत.

लिहू काय. हलतं आहे. अजून हलतं आहे. वही ठेव म्हणतात. अजून हल