कुमहेलिगचे सात दगड

९ एप्रिल १८९४
पोहोचलो एकदाचा! कोळशाच्या धुरात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुमहेलिगची हवा म्हणजे मेजवानीच. उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर, दक्षिणेला नदी, पश्चिमेला दलदल, मध्ये प्रार्थनाघर, शाळा आणि चाळीस घरं. घरमालकीण लेटी हॉपकिनने मटणाचा गरम रस्सा वाढला आणि तुम्ही दक्षिणेकडची माणसं फार बडबडी, असंही सुनावलं. मी हसलो. शाळेत आधी याच गावाचा इतिहास-भूगोल शिकवणार आहे.

१६ एप्रिल
गावाच्या शिवेवर सहा दगड सापडले. प्रत्येकावर एक आडनाव: बेव्हन, प्रोथेरो, गिटिन्स... जुने शेतकरी असावेत. पोरांकडून नावं तालावर पाठ करून घेतली. तीन मेला सगळा गाव शीव फिरतो आणि पोरं वाळुंजाच्या छड्यांनी दगड झोडतात म्हणे. दलदलीकडे सातव्याचा नुसता खड्डा दिसला. काल प्रार्थनेनंतर मी ऐटीत नकाशा उलगडला, सातवा दगड गेल्याचं सांगितलं, जागेवर फुलीही दाखवली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी पाथरवट इथेल उठला.

"मोजलंत ना नीट, मास्तर? मग बसवायलाच हवा. पूर्ण नाव काय म्हणालात तुमचं?"

ट्यूडर प्रोबर्ट, मी खुशीत सांगितलं.

२४ एप्रिल
कुणी बोलत नाही. मला पाहिलं की दारं लागतात. लेटीला खोदून विचारलं, तर ती माझ्यावरच उखडली. दगड गेला की दलदल आत येते, म्हणाली. पण चारचौघांत कुणी मोजेपर्यंत कुणाला काही करावं लागत नाही. "दोन वर्षं सगळे गप्प होते. तुम्हालाच मेली हौस!" मग बसवा की दगड, मी म्हटलं. "नुसता दगड टिकत नाही," म्हणत ती माझ्या बुटांकडे बघत राहिली.

२८ एप्रिल
शाळेचं जुनं हजेरीपुस्तक मिळालं. बेव्हन, प्रोथेरो, गिटिन्स — सगळे मास्तर. सगळे बाहेरगावचे. प्रत्येकाची शेवटची सही दोन मेची. मी घाबरलोय. इथून निघायला हवं.

१ मे
गाडीवान नाही म्हणाला. पायी निघालो. पुलावर दोघे, हातात फावडी. खिंडीत तिघे. शिवी नाही, धक्का नाही. "शाळा भरायची वेळ झाली, मास्तर." परत आलो. नकाशा चुलीत घातला. इथेल खिडकीतून हसला. म्हणाला, जागा पोरांनाही पाठ आहे.

३ मे, सकाळ
लेटीने बूट नेले — रडत होती, तरी नेले —

दाराशी गाडी. गाडीवर दगड. अक्षरं अजून पांढरी —

पुढे माझीच पोरं, छड्या घेऊन. म्हणताहेत. मी लावलेली चाल — पहिला बेव्हन, दुसरा प्रोथेरो —

कडी निघाली —

सहावा पॅरी. सातवा —