बारमधलं वाचन आणि कुशाआत्याचा फ्लेक्स

न्हावरे,
श्रावणातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप आप्पांच्या पायांवर पुतण्या सोपानचं डोकं.

इकडे सगळे खुशाल आहोत. तुमच्या गुडघ्याची खुशाली केडगावहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असतो. (एकजण म्हणाला उतार आहे, दुसरा म्हणाला तसाच आहे. दोघं एकाच गुडघ्याबद्दल बोलत असावेत असं धरून चालतो.) फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. पण फोनवर कुशाआत्याचं नाव काढलं की तुमच्याकडची रेंज जाते, हा माझा नेहमीचा अनुभव. (कुशाआत्या म्हणजे तुमची पाठची बहीण. तिच्या मुलाच्या, माऊलीच्या लग्नात माईकवाल्यानं पुढाऱ्यांची नावं आधी पुकारली, सख्ख्या मामाचा फेटा राहून गेला आणि तुम्ही न जेवता उठलात, ती. त्या माऊलीची मुलगी प्रगती आता कॉलेजात जाते, एवढाच काळ मध्ये गेला आहे.)

तर आप्पा, सोमवारी संध्याकाळी मी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही. तालुक्याची बातमीदारी करण्यात माझी हयात गेली. सभा पाहिल्या, उसात पकडलेले बिबटे पाहिले, सगळ्याच्या बातम्या वेळेत पाठवल्या. ही एक बातमी मात्र तीन दिवस झाले तरी मला कागदावर नीट उतरवता येईना, म्हणून ती तुम्हालाच पाठवतो आहे.

आपल्या सुदर्शनचा चौफुला रोडला परमिट रूम आहे, हे तुम्हाला ऐकून माहीत असेलच. (ऐकूनच, असं मी सगळ्यांना सांगतो.) श्रावण लागला की तिथं माशा मारायलाही माणूस नसतो. अख्खा महिना लोक जिभेला कुलूप लावतात आणि सुदर्शन खुर्च्या पुसत बसतो. प्रगतीनं पुण्यात कुठेसं पाहिलं होतं की बारमध्ये माणसं जमतात आणि आपापल्या आयुष्यातलं घडलेलं वाचून दाखवतात. तिनं सुदर्शनला सुचवलं, दर श्रावणी सोमवारी इथं तसं करू, बाटल्यांच्या कपाटावर चादर टाकू, बायामाणसंही येतील. नियम दोनच. जे वाचाल ते खरं हवं, आणि हातात कागद हवा, नाहीतर आपली माणसं माईक सोडत नाहीत. पहिल्या सोमवारी कोंडिबानं स्वतःचं ऑपरेशन वाचलं आणि पुरावा म्हणून शर्ट वर करून टाके दाखवले. समोर साबुदाण्याचे वडे होते, ते तसेच राहिले.

दुसरा सोमवार कुशाआत्याचा. सुदर्शननं फ्लेक्सवाल्याला फोनवर मजकूर सांगितला: कुशाबाईंच्या आठवणी, सोमवार संध्याकाळ, सर्वांनी उपस्थित राहावे. सोबत फोटो पाठवला. आता आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा फोटो आणि आठवणी म्हटल्यावर फ्लेक्सवाल्याचा हात ज्या डिझाईनवर जायचा त्यावरच गेला. झेंडूची चौकट, वर ढग, दोन्ही बाजूंना समया. असा फ्लेक्स न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत लागला. (आत्या त्यात फार छान दिसते, हे मात्र कबूल केलं पाहिजे.)

सोमवारी दुपारपासून पांढऱ्या टोप्या यायला लागल्या. पाबळहून एक जीपभर पाहुणे आले. परमिट रूमचा बोर्ड पाहून थोडे बिचकले, पण हल्ली कार्यालयं मिळत नाहीत, असं एकमेकांना समजावून आत बसले. बायका दारातच माऊलीच्या बायकोच्या गळ्यात पडून रडू लागल्या. तेवढ्यात आत्या रिक्षातून उतरली. आपल्या माणसांचा आकांत पाहून तिनंही पदर तोंडाला लावला, दोघीतिघींच्या गळ्यात पडली, पोटभर रडली आणि मग नाक पुसत विचारलं, "पर कोन गेलं गं?"

पुढचं मी लिहीत नाही. पाबळचा एक पाहुणा खुर्चीसकट मागे गेला, एवढं सांगतो. मग हसण्याचा जो कल्लोळ झाला, त्याच्यातच आत्या माईकपाशी गेली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण नियम म्हणजे नियम, म्हणून तिनं पिशवीतून लाईटबिल काढून हातात धरलं आणि त्यात बघून सुरुवात केली.

आप्पा, तिनं तुम्हा दोघांचं लहानपणचं वाचलं. कोकणातून मेंढरं माघारी आणतानाचं. तळ हलला, घोड्यांवर बिऱ्हाडं चढली, आणि ही कोकरांत झोपलेली पोर मागंच राहिली. जागी झाली तर माळ रिकामा, चुलीचे दगड गार, जवळ एक लंगडं कोकरू. "त्येला म्हनलं, रडू नगं, दादा येतुया. आन् मीच रडत व्हते." दिवस कलला तेव्हा लांबून तुमची शीळ ऐकू आली. ती शीळ तिनं माईकवर घातली. या वयात, दात नसताना.

आप्पा, तो बार आहे. तिथं शांतता मी कधी ऐकली नव्हती. फ्रीजची घरघर नको म्हणून सुदर्शननं उठून बटण बंद केलं. ज्यांना आत्या मेली म्हणून रडायचं होतं ते आता ती जगली म्हणून रडत होते. आणि तिथंच आत्यानं लाईटबिलाची घडी घातली. "मला खांद्यावर घिऊन दादा वाटंनं काय बोलला, ते मी न्हाई सांगनार. त्येचं त्येनं यिऊन सांगावं." लोकांनी फार आग्रह केला, पण ती खाली उतरली. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सोपाना, समदा मुलूख आला रं. मी मेले तरी दादा न्हाई आला."

मी तिला समजावलं की फ्लेक्स भीमेच्या अलीकडेच लावले होते, आप्पांना कळणार कसं? तिनं मान हलवली. पटलं की नाही, माहीत नाही.

काकींना नमस्कार. पत्र आणणाऱ्या दूधगाडीवाल्याला चहा द्यावा.

तुमचा,
सोपान

ता. क. येत्या सोमवारी तुम्ही यावं. माईकवर पहिलं नाव तुमचंच पुकारलं जाईल, पुढारी असो की कुणी असो. फेटा आत्यानं स्वतः आणून ठेवला आहे. (रंग तुम्हाला आवडणार नाही, पण बोलू नये.) कागद विसरू नका. लाईटबिल चालतं.

दुसरा ता. क. या वेळी निरोप भीमेपलीकडे पोहोचावा म्हणून सुदर्शननं तुमचे फ्लेक्स केडगाव चौफुल्यावर कालच लावले. डिझाईन बदल म्हणून फ्लेक्सवाल्याला बजावलं होतं. तो म्हणाला, मागच्या वेळी केवढी गर्दी झाली! तेव्हा कुणी पांढऱ्या टोपीचं दारात येऊन रडलं तर रागावू नका, बसवून घ्या.

तिसरा ता. क. आत्याला काल माऊलीनं गाडीवरून नेऊन तुमचा फ्लेक्स दाखवला. सगळं माहीत असूनही ती खाली उभी राहून बराच वेळ बघत होती. मग माऊलीला म्हणाली, "माज्या दादाम्होरचे त्ये दिवे आधी इझवा." ते छापलेले आहेत आप्पा, आम्हाला विझवता येत नाहीत. तुम्हालाच यावं लागेल.