दहा लाख नऊ

१२ मार्च
डॉक्टरीणबाई आज तोंडावरच म्हणाल्या, "त्यांना काही कळत नाहीये. उगीच आशा धरू नका." शुक्रवारी ठरवणार. कळत असेल तरच व्यायामाच्या वॉर्डात जागा, नाहीतर घरी न्या! झटका येऊन बारा आठवडे झाले. हातपाय गेले, वाचा गेली. ह्यांच्या फक्त पापण्या हलतात. त्याही म्हणे आपोआप.

१३ मार्च
ह्यांची आकड्यांची वही घेऊन गेले. दिवसभर लेथवर लोखंड कातायचं आणि घरी आलं की हे वेड! अमुक संख्या मूळ आहे का — एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ना — ह्यातच आयुष्य गेलं. म्हटलं, हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही तर दोनदा. सत्त्याण्णव मूळ? एकदा. एक्क्याण्णव? दोनदा. मी म्हणणार होते, चुकलात! मग आठवलं, तेरा साते एक्क्याण्णव. मलाच कुठे येतंय! नर्स बघतच राहिली.

१४ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणतात, "लहान संख्या पाढ्यांसारख्या तोंडपाठ असतात, काकू. मोठी विचारा. उद्या, माझ्यासमोर."
विचारते की! वहीत दहा लाख नऊ आहे. लाल शाईत 'मूळ!', खाली दोन रेघा. तीन महिने खपले होते तिच्यापायी. मी तिला सवत म्हणायचे.

१५ मार्च
दोनदा मिटले. दोनदा!
डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच तर नको होता मला.

१६ मार्च
परत विचारलं. परत दोनदा. हट्टी माणूस!

१७ मार्च
लेक म्हणाली, "आई, पुरे आता." अशी चीड आली! वही उघडली. कशाकशाने भागून पाहिलं ते ह्यांनी ओळीने लिहिलंय. एकेक मोठ्याने वाचत गेले. हे शांत. दोनशे एक्क्याऐंशी, दोनशे त्र्याऐंशी, तीनशे सात — आणि ह्यांचे डोळे जे फडफडायला लागले, थांबेचनात! मधली एखादी राहिली का हो? एकदा.
लेकीने कॅल्क्युलेटर काढला. २८५ नाही. २८७, २८९, २९१ — नाही. २९३ — पूर्ण भाग गेला! ३४१३, बरोब्बर! म्हणजे वहीच चुकलेली, इतकी वर्षं. आणि ती चूक ह्यांनी पडल्या पडल्या काढली, मनातल्या मनात. लेक गळ्यात पडून रडली त्यांच्या. मीही रडले.

१८ मार्च
जागा मिळाली! डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतः भागून पाहिलं, मग ह्यांची माफी मागितली.

१९ मार्च
सकाळपासून एकच डोक्यात. म्हणजे हे सगळं ऐकत होते. महिन्यापूर्वी ह्याच खाटेशी मी लेकीला म्हणाले होते — सुटले तर बरं होईल गं.
दुपारी धीर करून विचारलं. ऐकलंत?
एकदा.
रागावलात माझ्यावर?
दोनदा.