सहावर सहा फ्री

॥ श्री ॥
नाहूर, १८ नोव्हेंबर २०२४

ती. शेवंतीवन्सं यांस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दिवाळीतच पोचलं, उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमचे कान गेल्यापासून फोनवर मी बोंबलते आणि तुम्ही भलतंच उत्तर देता. मग शेजारीण दार वाजवून विचारते, कोणाशी भांडताय म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले लिहिले, त्या हाताला तेवढंच काम.

दिवाळी सरली आणि मला साठ पूर्ण झाली. नितेश आणि निधी मालाडहून केक घेऊन आले. अर्धा तास बसले. ह्यांच्या फोटोला हार घातला, तेवढ्यात नितेशला ऑफिसचा फोन आला, निघाले. निघताना निधीने एक पाकीट हातात दिलं. दारात उभी राहून काहीतरी सांगणार होती, पण नितेश लिफ्ट धरून ओरडत होता. उघडून बघते तर काय, मुलुंडच्या स्किनच्या दवाखान्याचं कार्ड! तोंडावरचे काळे डाग घालवायचे म्हणे. माझे वांग तुम्हाला माहीत आहेत, नितेशच्या वेळी पोटुशी होते तेव्हापासूनचे, दोन्ही गालांवर चहा सांडल्यासारखे. तुमच्या भावाने रोज सकाळी त्याच तोंडाकडे बघून चहा प्यायला, कधी तक्रार केली नाही. आणि सुनेला आता सासू काळी दिसायला लागली. असा संताप आला!

कार्ड सगळं इंग्रजीत, मधोमध ठळक ६ + ६. म्हणजे सहावर सहा फ्री. मुलुंडला हल्ली साबणापासून साडीपर्यंत सगळं असंच मिळतं. भेट द्यायची तीपण सेलमधली. दोन दिवसांनी तिचा फोन, आई, कधी जायचं? घाई बघा! मी म्हटलं, माझं मी बघेन, तू तुझं बघ. परत तिने विचारलं नाही.

पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, परवा शनिवारी गेले. घरात बसून भिंतींशी तरी किती बोलायचं? तिथे गंधाली नावाची मुलगी आहे. तिने विचारलं, सोबत कोणी नाही आलं का? मी म्हटलं, नाही गं, मी एकटीच. तिने कार्डाकडे परत एकदा पाहिलं आणि आत नेलं. तोंड पुसून ब्रशने औषध लावलं, पील म्हणतात त्याला. मुंग्या चावल्यासारखं होतं. ती सारखी वाकून विचारायची, चुरचुरतंय का मावशी, म्हणून. मी नाही म्हणत राहिले. हो म्हटलं की ती पुसून टाकते आणि संपतं.

शेवटी बोटांनी गालांवर मलम चोळलं. वन्सं, हे जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षांत माझ्या गालाला कोणाचा हात लागलेला नाही, हे मला तिथे पडल्यापडल्या कळलं. डोळ्यांत पाणी आलं, तर पोरीला वाटलं औषध गेलं. तिने धावत जाऊन पाणी आणलं.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची जानकी


वेंगुर्ले, ५ डिसेंबर २०२४

चि. जानकी हिस,
शेवंतीचे अ. उ. आ.

पाकिटावर तुझ्या नावामागे गं. भा. लिही, असं आमचा दादू पोस्टमन मला शिकवत होता. लिहिलं नाही. गुणाजी गेला म्हणून तुझं नाव लांब कशाला करू?

वांगावर जायफळ दुधात उगाळून लाव, असं आमच्या आईने मला सांगितलं होतं. महिनाभर लावलं. वांग राहिले, जायफळ संपलं. आता तोंड उन्हाने असं रापलंय की वांग कुठला आणि शेवंती कुठली ते आरशालाही कळत नाही. तेव्हा तू खुशाल जा. साठीत नटलीस तर कोण तुला नावं ठेवणार आहे? ठेवली तर मला ऐकू येत नाहीत.

पण निधीवर एवढी उखडलीस ते काय बरं केलं नाहीस गो बाये. तिला विचारलंस का, कार्ड कशासाठी दिलं म्हणून? उगाच राईचा पर्वत. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं, तेव्हा तू चार दिवस तिच्याकडे राहायला गेली होतीस की नाही, ते तू मला कधी लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते.

म्हातारीला विसरू नको, दोन ओळी तरी पाठव.
शेवंती


नाहूर, २४ फेब्रुवारी २०२५

ती. शेवंतीवन्सं यांस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून पत्र लांबलं. नाही गेले. ह्यांना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. मी फोनवर म्हटलं, होतं असं, पुढच्या वेळी नीट होईल. तिने बरं म्हणून ठेवला. झालं. नाहूर ते मालाड काय सातासमुद्रापार नाही, पण पायच उचलला नाही.

बाकी ठीक. शनिवाराआड एक सिटिंग असतं, आठ झाली. डाग एवढे फिकटले की दूधवाल्यानेही विचारलं, मॅडम गावाला जाऊन आलात का. गंधाली घाटकोपरहून येते. तिच्या आईला कोबीची भाजी येत नाही, भावाचं नुकतंच लग्न ठरलंय, सगळं मला ठाऊक. माझ्या कानामागे एक तीळ आहे, तो तिने शोधला. साठ वर्षांत मला माहीत नव्हता! शनिवारची साडी मी गुरुवारीच काढून ठेवते. मधले तेरा दिवस माझ्याशी बोलणारे म्हणजे वॉचमन कुंडलिक आणि फोनवर लोन हवंय का विचारणारी बाई. तिच्याशीही मी पाच मिनिटं बोलते.

परवा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मस्त रिझल्ट आहे, आता थांबलो तरी चालेल. मी म्हटलं, कार्डावर चार बाकी आहेत, मी बाराही घेणार. मग त्यानंतर काय, ते काही सुचत नाही.

सध्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. दुपारी बारा ते दोन राखणीला बसते. कबुतरांची वाट लावते.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.
तुमची जानकी


नाहूर, ७ एप्रिल २०२५

ती. शेवंतीवन्सं यांस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

परवा अकरावं सिटिंग झालं आणि फार वाईट झालं. डाग परत आलेत, आधीपेक्षा काळे, आणि गालांची सालं निघताहेत. भाजलेल्या वांग्यासारखं तोंड झालंय. डॉक्टर मॅडमनी बघून कपाळाला हात लावला. विचारलं, सनस्क्रीन लावता ना? मी हो म्हटलं. उन्हात जात नाही ना? नाही म्हटलं. मग त्या गंधालीवर घसरल्या. औषध जास्त वेळ ठेवलं असणार, लक्ष नसतं, भावाच्या लग्नाच्या नादात आहेस, असं माझ्यादेखत. पोरगी खाली मान घालून उभी. आणि मी गप्प बसले. वन्सं, मी गप्प बसले.

नंतर तिने मलाच सॉरी म्हटलं. थंड पाण्याची पट्टी गालावर धरून बसली होती. आता त्वचा शांत होईपर्यंत महिनाभर सिटिंग नाही, मग शेवटचं.

लिहिण्यासारखं आणखी काही नाही. मिरच्या अजून गच्चीवरच आहेत.

तुमची जानकी


वेंगुर्ले, १४ एप्रिल २०२५

चि. जानकी हिस,
शेवंतीचे अ. उ. आ.

कान गेले, डोळे शाबूत आहेत. तुझी मागची दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मिरची चार दिवसांत कडकडीत वाळते गो. तुझी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत वाळतेच आहे? आणि एकट्या बाईला मिरची लागते किती? तुका काय वाटला, माका कळाचा नाय?

भर दुपारी तोंड वर करून उन्हात बसतेस. डाग गेले तर ती पोर गालाला हात लावायची थांबेल, म्हणून बसतेस. खोटं असेल तर लिही.

मी तुला हसणार नाही. आमचे हे गेल्यावर मी वर्षभर बांगडीवाल्याकडे जाऊन उगाच बांगड्या भरून घ्यायचे. हात दाबून धरतो ना तो, म्हणून. घरी येऊन काढून ठेवायचे. कोणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगते. पण माझ्या बांगड्यांपायी कोणाला बोलणी खावी लागली नाहीत. तुझ्यापायी लेकीसारख्या पोरीला लागली. ते आधी निस्तर.

आणि काखेत कळसा नि गावाला वळसा, असं वागू नको. तुझी सून मालाडला आहे. मी तिला सगळं लिहून कळवलंय, तुझ्या त्या सहावर सहा फ्रीसकट. चुगली केली म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

रागावलीस तरी पत्र टाक, शिव्या वाचायला मला आवडतात.
शेवंती


मालाड, २२ एप्रिल २०२५

ती. आईंस,
निधीचा सा. न.

शाळेनंतर मराठीत पत्र पहिल्यांदाच लिहितेय. आत्यांनी हुकूम दिला आहे की फोन करायचा नाही, फोनवर आपण दोघी अर्धंच बोलतो, लिहायचं. चुका असतील, सांभाळून घ्या.

आई, ते सहावर सहा फ्री नव्हतं. सहा तुमची आणि सहा माझी. दोघींचं मिळून घेतलं होतं. आत शेजारीशेजारी दोन बेड आहेत ना, त्यातला एक माझा होता. वाटलं होतं, शनिवारी दोघी जाऊ, नंतर पाच रस्त्याच्या चौकात डोसा खाऊ. दारात तेच सांगत होते. मग फोन करून विचारलं, कधी जायचं, तर तुम्ही म्हणालात, माझं मी बघेन, तू तुझं बघ. मला वाटलं, तुम्हाला मी सोबत नकोय. मग परत विचारायची हिंमत झाली नाही.

माझ्याही गालांवर आहेत, आई. तुम्ही पाहिले नसतील. तुमच्याकडे येताना मी मेकअप करते आणि व्हिडिओ कॉलवर फोन सगळं गुळगुळीत करून टाकतो. त्या पाच महिन्यांत आले. बाळ राहिलं नाही, डाग राहिले. नितेश म्हणतो, कुठे काय दिसतंय. तो चांगल्या मनानेच म्हणतो. पण मला कोणाला तरी विचारायचं होतं की हे रोज आरशात बघायचं कसं. माझी आई असती तर तिला विचारलं असतं. तुम्हाला नितेशच्या वेळी आले होते असं बाबा एकदा म्हणाले होते, म्हणून वाटलं तुम्हाला विचारावं.

तुम्ही माझीही सिटिंग घेतलीत, त्याचं मला काही वाटत नाही. खरंच.

परत एकदा विचारते. कधी जायचं?
तुमची निधी


नाहूर, ५ मे २०२५

ती. शेवंतीवन्सं यांस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला शिव्या देणार होते, चार ओळी लिहिल्याही होत्या, मग तो कागद फाडला.

शनिवारी गेलो, दोघी. मी आधी डॉक्टर मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं, गच्ची, मिरच्या, न उघडलेली सनस्क्रीनची ट्यूब. गंधालीला आत बोलवायला लावलं आणि तिच्यासमोर परत सांगितलं. मॅडम गंधालीला सॉरी म्हणाल्या. गंधाली माझ्यावर रागावली आहे. मावशी, तुम्ही नुसत्या गप्पा मारायला आला असतात तरी मी कुठे नाही म्हटलं असतं, असं म्हणाली. खरं आहे तिचं. पण मला ते कसं सुचणार? डाग नसताना कोणाच्या दारात काय म्हणून जायचं?

कार्डावर एकच उरलं होतं. अकरा मी घेतली, त्यातली पाच तिची. म्हणून शेवटचं निधीला दिलं आणि मी शेजारच्या बेडवर पाय खाली सोडून बसले. गंधालीने ओल्या कापसाने तिचा मेकअप पुसला. वन्सं, मी बघतच राहिले. तेच. दोन्ही गालांवर, तसेच चहा सांडल्यासारखे. लग्नात मांडीवर आरसा धरून सूनमुख बघितलं होतं, चार वर्षं झाली. ते हळद नि पावडरीचं तोंड. सुनेचं तोंड मी परवा पहिल्यांदा बघितलं.

ती रविवारी येणार म्हणाली आहे. येईल की नाही, देव जाणे, मालाड लांब आहे. मी मिरच्या खाली आणल्यात, कुटून तुम्हाला पाठवते. संध्याकाळ अजून जात नाही. सगळं एका दिवसात कुठे बदलतं?

पण एवढं सांगते आणि पुरं करते. गंधालीने औषध लावलं आणि ती घड्याळ लावायला वळली. निधीचे डोळे मिटलेले, हात बेडच्या कडेला घट्ट. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि विचारलं, चुरचुरतंय का गं, म्हणून. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानात चाललं होतं, आणि म्हणाली, नाही. ते ‘नाही’ मला चांगलं ओळखीचं आहे, वन्सं. मी हात काढला नाही. वाकले आणि तिच्या गालावर हळूहळू फुंकर घालत राहिले.

आशीर्वाद दोघींना असू द्या, आता एकीला पुरायचे नाहीत.
तुमची जानकी