धप्प झालं का वीस मोजायचे

आप्पा, आज सकाळी स्कूटीखाली काहीतरी आलं. तुमाले जाऊन नऊ वर्सं झाले, पन हे तुमालेच सांगावं वाटलं. नवऱ्याले सांगितलं त तो चाबीच काढून घेईन.

पोरीले समोर उभं करून जसोंडीच्या रस्त्यानं शाळेत नेत होती. धुकं असं का दोन्हीकडच्या केळी दिसत नव्हत्या, नुसते पानं फडफडताना ऐकू येत. तेवढ्यात धप्प. चाक उचललं गेलं, गाडी पुढं निघून गेली. नरम होतं, आप्पा. दगड असा नरम नसते.

तुमी केळीचा ट्रक चालवत. मले मोपेड शिकवली तवा एकच दिवस रागावले, मी लोकाच्या कुंपनाले धडकून पळाली होती म्हनून. "चूक झाली का नाही, हे पळून कळत नाही. गाडी बाजूले घे, चाबी बंद कर, वीस मोज. मंग मागून गाडी येते का पाह्य, आन् जाऊन बघ." मंग हळूच म्हनले, "असीरगडच्या घाटात मले असाच आवाज आला होता. मी थांबलो नाही." जेवता जेवता तुमी मधीच कान देऊन काय ऐकत, ते मले तवा समजलं.

मी गाडी बाजूले घेते. चाबी बंद. पोरीले बांधावर उभी करते. एक, दोन. पोरीले खेळच वाटला, ती बी माह्यासंग मोजते. तिले दहापर्यंतच येतात. दहा झाले, ती चूप. मी अकरा म्हनली, त मागून बी कोनी म्हनलं, अकरा. बारा. जाड आवाज, तुमी तंबाखू धरून बोलत तसा. मी मान नाही वळवली. वीसले मी थांबली, तो बी थांबला.

चाक पाह्यलं त ओलं. बोटाले चिकट लागलं. पोरीचा हात धरून मागं गेली, हाक मारली, "कोनी लागलं काय वो?" धुक्यातून एक मावशी निघाली, हातात विळा.

"काय शोधून राह्यली माय?"

"मावशी, माह्या गाडीखाली कोनी आलं काय?"

"कोन येते? केळीचं खोड हाय ते, ट्रॉलीतून पडलं. सकाळपासून तिघं गेले त्याच्यावून. उतरली तूच पयली, येडी."

दोघींनी खोड ओढून नालीत लोटलं. मले रडू आलं. मावशी हसली, "खोडासाठी रडते काय वो?" तिथं दुसरं कोनी होतं का, मी तिले विचारलं नाही. पोरीलेही नाही.

केळीचा चीक धुतला तरी जात नाही, बोटं अजून काळेच हायेत. ही चिठ्ठी कुठं टाकू? डिक्कीत, तुमच्या जुन्या फडक्याखाली ठेवून देते. आन् आप्पा, गाडी पुढं निघून गेली असं मी वर लिहिलं, ते खोटं हाय. मीच मूठ पिळली होती, पळून जायले.