थांबण्याचे दिवस

७ नोव्हेंबर २०२२
श्रीधरचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट आला. संख्या भरपूर, हालचाल मात्र मंद! डॉ. मंदाकिनीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नमुना देण्याआधी किती दिवस थांबला होतात?"

"महिनाभर," तो म्हणाला. जवळजवळ अभिमानानं.

"कशाला? लोणचं आहे का मुरायला?"

मला हसू आलं — त्याला नाही. मग बाईंनी नीट समजावलं. थांबलं की संख्या वाढते हे खरं, पण आधीचे शुक्राणू पडून पडून मंदावतात, त्यांच्या आतला डीएनए तुटायला लागतो. आता एक-दोन दिवसांआड जवळ या, मग पुन्हा तपासू. सुधारलं तर डिसेंबरात आयव्हीएफ. "तुमचं बेचाळिसावं पूर्ण झालं, सुनीती. यापुढे थांबा असं मी सांगणार नाही."

म्हणजे हीच शेवटची संधी.

८ नोव्हेंबर
अप्पा, माझे सासरे. उमेदीची सगळी वर्षं तालमीत गेली. जेवताना ब्रह्मचर्यावर व्याख्यान ठरलेलं! कोजागिरीनंतर श्रीधर "तेज राखायला हवं म्हणतात अप्पा" असं म्हणून गादी उचलून त्यांच्या खोलीत गेला, तो तिथेच. मला तेव्हा गंमत वाटली होती. उपचारासाठीच करतोय बिचारा!

आज मी गादी परत आणून आमच्या खोलीत घातली.

"अप्पांना वाईट वाटेल गं," म्हणाला. आणि घेऊन गेला.

११ नोव्हेंबर
संध्याकाळी दोघं लक्ष्मी रोडला गेलो. गर्दीत त्यानं माझा हात धरला, तो घराच्या जिन्यापर्यंत सोडला नाही. वाटेत बँकेतल्या साहेबांची नक्कल करून इतकं हसवलं की डोळ्यांत पाणी आलं. घरी आलो आणि चेहरा मिटला त्याचा.

"आज राहू दे. अप्पा जागेच असतात."

मला अप्पांचा राग राग आला. छप्पन्न इंची छाती घेऊन दारात बसलेत जणू!

१२ नोव्हेंबर
आजही नाही.

१५ नोव्हेंबर
दवाखान्यातून फोन. तपासणी शुक्रवारी. "सांगितल्याप्रमाणे चाललंय ना?" — "हो," म्हटलं. लाज वाटली. आता अप्पांशी बोलायलाच हवं. पण सुनेनं सासऱ्यांशी हे बोलायचं कसं?

१६ नोव्हेंबर
बोलले. दुपारी श्रीधर बँकेत होता, अप्पा मटार सोलत बसले होते. एका दमात म्हटलं, "अप्पा, श्रीधरला आमच्या खोलीत पाठवा. डॉक्टर म्हणतात, थांबायचं नाही."

"मी अडवलंय त्याला?"

"तुम्हीच म्हणता ना, तेज राखावं..."

"मी जन्मभर सगळ्यांनाच सांगत आलोय. स्वतः तरी कुठे ऐकलं? चार मुलं झाली!"

मी हसले. ते हसले नाहीत. शेंग हातातच राहिली.

"मी बोलावलं नाही त्याला, सुनीती. आपण होऊन आला. घोरतो इतका, माझी झोप गेलीय. वाटलं तुमचं भांडण झालं असेल. म्हणून विचारलं नाही."

मटार सोलून संपेपर्यंत मी तिथेच बसून राहिले. मला दुसरीकडे जायचं नव्हतं.

१७ नोव्हेंबर
तपासायला घेतलेली पुस्तकाची प्रुफं समोर आहेत, एक पान पुढे सरकलं नाही.

आठ वर्षं झाली उपचारांना. कुठला डॉक्टर, कुठली तारीख, गोळी घेतलीस का — सगळं विचारलं मी त्याला. प्रत्येक वेळी तो हो म्हणाला. इतका चांगला 'हो'! मी त्या 'हो'वर किती सहज पाय ठेवून चालत राहिले. एक प्रश्न कधी विचारलाच नाही. सुचला नाही असं नाही. उत्तर मला नको होतं.

आज तो घरी आल्यावर चहा केला. आलं जास्त पडलं. मुकाट्यानं प्यायला.

१८ नोव्हेंबर
दवाखान्यात निघायच्या आधी विचारलं — तुला मूल हवंय का?

"नाही," श्रीधर म्हणाला. खाली न बघता.

मला हवं आहे. अजूनही.

येत नाही म्हणून दवाखान्यात फोन तू कर, म्हटलं. त्यानं केला. माझ्यासमोर.